केस पेपरात न मावणारा रुग्ण

आजार गेला की आरोग्य आले, हे आपल्या वॉर्डांचे जुने गृहीतक. नर्सिंग सिद्धान्तकार मार्गारेट न्यूमन यांनी ते नाकारले. (सिस्टिम मॉडेल मांडणाऱ्या बेटी न्यूमन वेगळ्या, विद्यार्थ्यांनी ही गल्लत टाळावी.) मार्गारेट यांच्या आईला एएलएस झाला होता. स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा, बरा न होणारा हा विकार. आईची शुश्रूषा करताना त्यांना उमगले, की हालचाल थांबली तरी माणूस अपुरा होत नाही. आईच्या निधनानंतर त्या नर्सिंग शिकल्या, पुढे नर्सिंग सिद्धान्तकार मार्था रॉजर्स यांच्या विचारांनी घडल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त मांडला: आरोग्य म्हणजे विस्तारत जाणारी जाणीव. जाणीव म्हणजे भोवतालाशी देवाणघेवाण करण्याची माणसाची क्षमता. आजार आणि निरोगीपण, दोन्ही त्याच एका प्रवाहात येतात.

ही मांडणी अमूर्त वाटते, पण तिची कामाची रीत अगदी साधी आहे. नर्स रुग्णाजवळ बसते आणि विचारते, तुमच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची माणसे आणि घटना कोणत्या? मग ऐकते. ऐकलेले कालक्रमाने मांडून त्यातला आकृतिबंध पुढच्या भेटीत रुग्णासमोर ठेवते. तो जुळतो की नाही, हे रुग्णच सांगतो. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा येणारा, दर वेळी सुमारे चार तास मशीनला जोडलेला रुग्ण घ्या. अंगात पाणी साठून वजन वाढले म्हणून आपण त्याला रागावतो. पाणी का आवरत नाही, हे त्याच्या घरातल्या, कामातल्या उलथापालथीत दडलेले असू शकते.

एक धोका मात्र ठामपणे सांगायला हवा. ‘आजाराने तुम्हाला काही शिकवले’ हे वाक्य नर्सच्या तोंडी कधीही येऊ नये. कर्माचे भोग म्हणून आपल्याकडे रुग्णाला आधीच पुष्कळ ऐकवले जाते. या सिद्धान्ताला त्याचा नवा मुखवटा होऊ देता कामा नये. अर्थ लावायचा हक्क रुग्णाचा. आणि वेदनाशामक वेळेवर देणे सर्वांत आधी.

एकाच सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोपवून तिच्याकडून असे ऐकणे मागणे हा अन्याय आहे, म्हणून मनुष्यबळाची मागणी या कारणासाठीही रेटली पाहिजे. तोवर डायलिसिस आणि केमोथेरपी युनिटच्या इन्चार्ज सिस्टर-ब्रदरना विनंती: या महिन्यात एका तरी रुग्णाला महत्त्वाच्या माणसांचा आणि घटनांचा हा प्रश्न विचारा, त्याच्या संमतीने हँडओव्हरमध्ये दोन ओळी लिहा आणि काय बदलले ते, नाव-गाव वगळून, आम्हाला कळवा.