गारगोटीचे पीठ

गेल्या महिन्यात देवासहून एका वाचकभगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव रंग तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात कोठार सांभाळतात. तेथे पांढऱ्या पुडीची पोती येतात, उतरवली जातात, रचली जातात आणि फोडली जातात. सायंकाळी चिरंजीव घरी परततात ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे, भुवयांपर्यंत पांढरे होऊन. विचारले तर म्हणतात, "आई, ही नुसती दळलेली वाळू. वाळूची कसली भीती?" हे म्हणणे खरे मानावे काय, असे भगिनींनी विचारले आहे. प्रश्न एका घरचा असला तरी आपल्या समाजातील कितीतरी कर्ती मंडळी आज देवास, पीथमपूर, बडोदे येथील कारखान्यांत नोकरीस आहेत. कित्येकांचे स्वतःचे लघुउद्योगही आहेत. म्हणून उत्तर सविस्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चिरंजीवांचे म्हणणे अर्धे खरे आहे. वाळूचे आणि त्या पुडीचे द्रव्य बहुधा एकच, ते म्हणजे सिलिका. आपण जिला गारगोटी म्हणतो ती स्फटिकरूप सिलिकाच होय. ती दळून केलेले पीठ काच, चिनी मातीची भांडी, विजेचे निरोधक, रंग, ओतकाम अशा नाना उद्योगांत लागते. पण द्रव्य एक असले तरी आकार एक नव्हे, आणि सगळा अनर्थ आकारात आहे. रांगोळीचा कण चिमटीत जाणवतो. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. गारगोटीच्या पिठातील जे कण १० मायक्रॉनहून, विशेषतः ५ मायक्रॉनहून लहान असतात, ते हवेत सुटे असता डोळ्यांस दिसत नाहीत आणि बोटांस जाणवत नाहीत. मोठा कण नाकातील केसांत अडकतो, घशातील कफाबरोबर बाहेर पडतो. हा सूक्ष्म कण मात्र श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या कोषापर्यंत पोहोचतो.

तेथे शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळतात. जंतू असता तर पचला असता. गारगोटी पचत नाही. गिळणारी पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते आणि तीही मरते. या अखंड झुंजीतून फुप्फुसात कठीण गाठी व वण तयार होतात, लवचीक फुप्फुस घट्ट होत जाते आणि श्वास अपुरा पडू लागतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. झालेले वण भरून आणील असे औषध नाही. धूळ सोडल्यावरही रोग कित्येकदा पुढे सरकतच राहतो. अशा फुप्फुसांत क्षयाचे जंतू सहज घर करतात. शिवाय कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणारी स्फटिकरूप सिलिका कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९७ साली दिला.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. आम्ही ज्या पेन्सिलीने पाटीवर मुळाक्षरे गिरवली, ती पाटीची पेन्सिल आपल्या माळव्यातील मंदसौर येथे दगड कापून तयार होत असे. विजेच्या करवतीने दगड कापताना उडणारी धूळ तेथील कामगारांच्या छातीत जाई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी सुमारे ६०० कामगारांची तपासणी केली आणि १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: निम्म्याहून अधिक कामगारांच्या छातीच्या चित्रांत सिलिकोसिसच्या खुणा होत्या. आमच्या पिढीची अक्षरओळख इतकी महाग होती.

दुसरे उदाहरण तर याच पिठाचे. झाबुआ, अलिराजपूर, धार या जिल्ह्यांतील आदिवासी बांधव गुजरातेत गोधरा, बालासिनोर भागातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीस जात. दगड भरडणे आणि पिठाची पोती भरणे हे त्यांचे काम. काहींनी ते जेमतेम काही महिने केले, आणि तरुण वयातच गावी परतून ते धापा टाकीत मरण पावले. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे व सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २०१६ च्या मे महिन्यात न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. दीर्घकाळ थोडी धूळ श्वासात गेली तर रोग दिसण्यास दहा-वीस वर्षे लागतात. अतोनात धूळ गेली तर काही महिनेही पुरतात, हा धडा त्या २३८ घरांनी आपणांस दिला आहे.

आता उपायांकडे वळू. पहिली सूचना ऐकून आमच्या वाचकभगिनींस नवल वाटेल: त्या कोठारात केरसुणी चालवू नये. सकाळ-संध्याकाळ झाडलेले घर म्हणजे लक्ष्मीचे घर, हा आपला संस्कार. पण सुकी पूड झाडल्याने जाड कण तेवढे गोळा होतात. घातक सूक्ष्म कण उलट हवेत उठतात. एक मायक्रॉनचा कण माणसाच्या उंचीवरून स्थिर हवेतही खाली बसण्यास कित्येक तास घेतो. झाडणारा निघून जातो, जमीन स्वच्छ दिसते, आणि पुढे दिवसभर तेथे वावरणारा प्रत्येक जण ती धूळ श्वासात घेतो. दाबाच्या हवेने यंत्र किंवा कपडे झटकणे तर त्याहून वाईट. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही उपयोगी नाही, कारण पुढून ओढलेली बारीक धूळ तो मागून सोडतो. त्यासाठी हेपा जातीची गाळणी बसवलेले यंत्रच हवे. ते नसेल तर सांडलेल्या पुडीवर पाण्याचा अगदी मंद तुषार सोडावा, ती भिजू द्यावी आणि मग खोऱ्याने हलकेच उचलावी. जोराची धार मारू नये, तीही धूळ उडवते. उचललेला ओला गाळ ओला असतानाच झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत भरावा. उघड्यावर टाकल्यास तो वाळतो आणि पुन्हा धूळच होते.

साठवणीचे नियम सोपे आहेत. पोती छपराखाली, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच लाकडी फळ्यांवर ठेवावीत. ओल लागली की पुडीचे ढेकूळ बनते. मग ते काठीने फोडण्याची पाळी येते आणि फोडताना ढग उठतो. थप्पी इतकी उंच नसावी की खालची पोती दबून उसवतील. जाण्यायेण्याच्या वाटेवर, पंख्याखाली वा दारातील वाऱ्यात थप्पी लावू नये. फाटलेले पोते तत्काळ दुसऱ्या जाड पिशवीत घालून तोंड बांधावे. जुना माल आधी वापरावा. ही पूड पेटत नाही, तिला वासही नाही. म्हणूनच ज्वालाग्राही रसायनापुढे सावध असणारा माणूस हिच्यापुढे निष्काळजी होतो. काच खोदण्यास वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र तिच्या जवळपास ठेवू नये. त्याची सिलिकाशी क्रिया होऊन विषारी वायू निघतो.

सर्वांत मोठा धोका पोते फोडताना आणि ओतताना. हे काम शक्य तेथे बंद यंत्रात, नाही तर धूळ उगमापाशीच ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी करावे. भिंतीवरचा साधा पंखा धूळ काढीत नाही, पसरवतो. पोत्याचे तोंड कापून, पात्राच्या जवळ नेऊन, सावकाश ओतावे. उंचावरून आपटू नये. रिकामे पोते झटकू नये, तेथेच गुंडाळून बंद करावे. आपल्याकडे रिकामे पोते वाया घालवणे जिवावर येते. धान्य भरण्यास, पायपुसण्यास, पावसात खिडकीस लावण्यास ते घरी येते. गारगोटीच्या पिठाचे पोते घरी मुळीच आणू नये.

तोंडाला रुमाल वा पंचा बांधल्याने मनाचे समाधान होते, फुप्फुसाचे रक्षण होत नाही. गाळणीयुक्त मुखपट्टी, निदान एन-९५ प्रतीची, चेहऱ्याला घट्ट बसणारी हवी. दाढीतून फट राहिली की तिचा उपयोग सरतो. तरीही मुखपट्टी ही शेवटची तटबंदी समजावी. आधी धूळच उठू नये याची तजवीज, मग ती ओढून घेण्याची, आणि उरल्यास मुखपट्टी, असा क्रम आहे. त्याही आधी मालकांनी स्वतःस एक प्रश्न विचारावा: याच पुडीवाचून अडते काय? जेथे संगमरवराची किंवा चुनखडीची पूड चालते, तेथे ती वापरणे सर्वांत शहाणपणाचे.

येथे एक खुलासा हवा. सर्व सिलिका सारखी नसते. औषधांच्या बाटलीत ओल टिपण्यासाठी ठेवतात त्या पुडीतील दाणे अस्फटिक सिलिकेचे. त्यांपासून हा रोग होत नाही. म्हणून पोत्यावरील नाव वाचावे आणि विक्रेत्याकडून सुरक्षा-माहितीपत्रक मागून घ्यावे. त्यात 'क्वार्ट्झ' किंवा 'स्फटिकरूप सिलिका' असे शब्द असतील, तर वर सांगितलेले सर्व नियम लागू.

घरच्या मंडळींनी काय करावे? कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत, आणि तेथेच हातपाय व तोंड, जमल्यास अंग धुवावे, असा आग्रह धरावा. कपडे घरी आलेच तर अंगणात झटकू नयेत. प्रथम पाण्यात बुडवून मग वेगळे धुवावेत. मूल धावत येऊन बिलगते ते त्या कपड्यांना, हे ध्यानी असावे. वर्षातून एकदा छातीचे चित्र आणि श्वासशक्तीची तपासणी करून घ्यावी. विडी-सिगारेट असल्यास ती सोडावी. जिना चढताना धाप लागू लागली, कोरडा खोकला हटेना, तर वैद्याकडे जावे आणि न विचारताच आपला धंदा सांगावा. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली ग्रंथ लिहून सांगितले होते की रोग्यास त्याचा व्यवसाय अवश्य विचारावा. ते आजही पुष्कळदा विसरले जाते, आणि सिलिकोसिसचा रोगी केवळ क्षयाची औषधे घेत राहतो.

तेव्हा वाचकभगिनींनी चिरंजीवांस नोकरी सोडण्यास सांगू नये, रागेही भरू नये. पोत्यावर काय लिहिले आहे, कोठार कसे झाडतात आणि पोती कोठे फोडतात, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. उत्तरे ऐकून चिरंजीव स्वतःच मालकांशी बोलू लागतील, अशी आमची खात्री आहे. मालकही बहुधा आपल्यापैकीच कोणी असतील, आणि त्यांच्याही घरी सायंकाळी वाट पाहणारे कोणी असेल.