सोडल्यानंतरचे पंधरा दिवस

‘गांजा म्हणजे काही दारू नव्हे, मनात येईल तेव्हा सोडून देईन,’ असे कॉलेजातील मुले सर्रास म्हणतात. काही जण खरोखर सोडतातही. पण आठवडा उलटायच्या आत पुन्हा ओढू लागतात. मग घरात ‘याला मनच नाही’ असा शिक्का बसतो.

दोष केवळ मनाचा नसतो. रोज ओढणाऱ्याने गांजा बंद केला की एक-दोन दिवसांतच चिडचिड सुरू होते, झोप उडते, विचित्र स्वप्ने पडतात, अन्न नकोसे होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत जास्त असतो. दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. झोपेची तक्रार तेवढी जरा रेंगाळते.

हे आधी ठाऊक असले की मुलगा घाबरत नाही. घरच्यांनीही त्याच्या तुसड्या उत्तरांचा राग धरू नये. ‘आमचे नाक कापलेस’ हे वाक्य गिळून टाकावे. उरलेली पुडी त्याने स्वतःच्या हाताने टाकून द्यावी, जुन्या अड्ड्याचा रस्ता सोडावा आणि ओढण्याची ठरलेली वेळ मैदानावर घालवावी.

एखादे वेळी पाय घसरला तर सारे संपले असे मानू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. मात्र भास होऊ लागले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर ताबडतोब मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पंधरा दिवस घराने धीर धरला, तर मुलालाही धीर येतो.