विश्लेषण : ‘आयसीयू’त माणसाची सोबत का हवी?

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, पण दुसऱ्या रात्री आजोबा सलाइन उपटू लागतात, भिंतीवर माणसे दिसतात म्हणतात, मुलीलाही ओळखत नाहीत. जुनी माणसे याला ‘वातात बरळणे’ म्हणत; वैद्यकात हा डेलिरियम. हे वेड नव्हे. जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, गुंगीची औषधे आणि मोडलेली झोप यांनी मेंदूचे काम तात्पुरते बिघडते. काही रुग्ण उलट गप्प पडून राहतात. ‘शांत झोपलेत’ म्हणून तिकडे कुणाचे लक्षच जात नाही. ही अवस्था जितकी लांबते, तितका नंतर स्मरणशक्तीला धोका अधिक.

औषधाने भागत नाही का?

फारसे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत हॅलोपेरिडॉल देऊनही आयसीयूतील डेलिरियमचा कालावधी घटला नाही. त्याआधी १९९९ मध्ये डॉ. शॅरन इनौये यांनी सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर वेगळाच उपाय करून पाहिला. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, वार-वेळ सांगत राहणे, गप्पा, चालवणे, रात्री झोप मोडू न देणे. डेलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. ते रुग्ण साध्या वॉर्डातले होते, हे खरे. पण करोनाकाळात १४ देशांतील आयसीयूंच्या पाहणीतही, ज्यांना नातेवाईक भेटले, अगदी व्हिडिओ कॉलवर का होईना, त्यांना हा धोका कमी आढळला.

मग भेटीची वेळ वाढवली की झाले?

तेवढ्याने नाही. ब्राझीलमधील ३६ आयसीयूंत नातेवाईकांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबू दिले. प्रमाण २०.१ वरून १८.९ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. मात्र नातेवाईकांची चिंता घटली आणि जंतुसंसर्गही वाढला नाही. आपल्याकडे भेटबंदीसाठी पहिले कारण संसर्गाचेच दिले जाते.

नुसते बसून राहण्यापेक्षा सोबतीला आलेल्या माणसाने काय करायचे, हे परिचारिकेने सांगणे महत्त्वाचे. परिचारिका अपुऱ्या असताना हे आणखी एक काम, ही तक्रार रास्त आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक आयसीयूंबाहेर नातेवाईक चटई टाकून रात्रंदिवस बसलेले असतातच. त्यांतल्या एकाला हात धुऊन आत घेता येईल. निदान दाखल करताना चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र पिशवीत घालून घरच्यांच्या हाती देण्याची पद्धत तरी आजच थांबवता येईल. त्याला खर्च नाही.