परवाना चालू आहे; पण आई-बाबांनी गाडी चालवावी का?

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र (फॉर्म १-ए) लागते. त्यात नजर, ऐकणे आणि हातपाय पाहिले जातात. स्मरणशक्तीची चाचणी नसते. हे प्रमाणपत्र कधी कधी किती घाईत दिले जाते, ते आम्ही डॉक्टरही जाणतो.

म्हणजे ७४ व्या वर्षी परवाना मिळाला की ७९ पर्यंत कोणी विचारत नाही. पण शरीर पाच वर्षे थांबत नाही. काचबिंदूत बाजूची नजर इतकी हळूहळू कमी होते, की रुग्णाला कळतही नाही. मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. मधुमेहात तळपाय बधिर झाले तर ब्रेकवर किती दाब पडला हे जाणवत नाही. झोपेच्या गोळीचा, सर्दीच्या काही गोळ्यांचाही परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहू शकतो.

जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणापूर्वी आकलनशक्तीची चाचणी सक्तीची आहे. २०१९ मध्ये टोकियोत ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली आई आणि तिची लहान मुलगी गेली. त्या वर्षी तिथे सुमारे ६ लाख लोकांनी आपणहून परवाना परत केला.

आपल्याकडे हा निर्णय घरातच होतो, आणि बहुधा भांडणातून. गाडीवर नवे ओरखडे दिसणे, रोजच्या रस्त्यावर चुकणे, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे ही लक्षणे दिसली तर थांबू नका. गाडी बंद ठेवून आधी तपासणी करा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा औषधात बदल केल्यावर काही जण पुन्हा व्यवस्थित चालवू शकतात. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असेल तर मात्र तुमच्या डॉक्टरांशी याविषयी स्पष्ट बोला.

किल्ली काढून घेण्यापूर्वी एक प्रश्न सोडवा: बाबा उद्या भाजी आणायला, बँकेत, मित्रांकडे कसे जाणार? माझ्या अनुभवात नकार बहुतेक वेळा गाडीसाठी नसतो, मुलांपुढे हात पसरावा लागेल या भीतीचा असतो. एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयात निम्मे भाडे. गावात रोजचा रिक्षावाला ठरवता येतो. सुरुवात रात्रीची गाडी आणि महामार्ग बंद करण्यापासून करा. आणि स्कूटरही यात धरा. दुचाकीवर तोल गेला तर खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही.