साठचं दशक नेमकं कोणाचं?

कळसूबाईहून परतताना आळेफाट्याला चहा झाला आणि गाडीत वाद पेटला. आम्ही बारा जण, एकाच प्रोजेक्टवरचे. विषय नेहमीचाच: सगळ्यात भारी गाणी कोणत्या दशकातली? एक मुलगी नव्वदच्या हिंदी गाण्यांसाठी भांडत होती. नुकताच जॉइन झालेला पोरगा म्हणाला, ‘सैराट’ आला त्या दशकाला तोड नाही. मग आमचे टीम लीड मागे वळले आणि निकाल देऊन मोकळे झाले. “मराठी गाणं १९८० ला संपलं. साठचं दशक ते साठचं दशक. नंतर सगळा गोंगाट.”

मग त्यांनी मला विचारलं, “तू सांग रे.”

“साठच,” मी म्हणालो. “बाबूजी, खळेकाका, हृदयनाथ.”

माना डोलल्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण मी खोटं बोललो होतो.

तसं ते पूर्ण खोटं नव्हतं, ही गाणी मला आवडतात. पण ती मला घरातून मिळाली नाहीत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, हॉस्टेलच्या खोलीत हेडफोन लावून मी ती शिकलो, ॲप्टिट्यूडची गणितं शिकतात तशी. पहिल्याच आठवड्यात ओळख करून देताना आवडता गायक विचारला, तेव्हा मी ‘प्रल्हाद शिंदे’ म्हणालो होतो. मागच्या बाकावर कुणीतरी ढोलकी वाजवल्याची ॲक्टिंग केली आणि वर्ग हसला. त्यानंतर ते नाव मी पुण्यात कुणासमोर घेतलं नाही. हा लेख त्या दहा वर्षांच्या गप्प बसण्याचं प्रायश्चित्त समजा.

आधी साठवाल्यांची बाजू नीट मांडतो. त्यांच्याकडे माल खरोखर दणकट आहे. पाया पन्नाशीतच पडला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने वर्षभर ‘गीतरामायण’ ऐकवलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गाणी, आठवड्याला एक नवं. आज कुठला प्लॅटफॉर्म एका कवीला आणि एका संगीतकाराला असं वर्षभर काम देईल? पुढे श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर, पाडगावकर, शांताबाई शेळके, अरुण दाते. या लोकांनी कवितेला चाल लावताना शब्द मोडू दिला नाही. हे सगळं मला मान्य आहे.

माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे. ‘म्हणून ते दशक श्रेष्ठ आणि नंतर गोंगाट.’

पहिली चूक साधी आहे. माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. जुन्या सिस्टिमचा निवडून ठेवलेला बॅकअप आणि चालू सिस्टिमचा कच्चा लॉग शेजारी ठेवला, तर चालू सिस्टिम कायम भंगारच दिसणार. साठच्या दशकातली रटाळ, उचललेल्या चालींची, चार दिवसांत विसरलेली गाणी कधीच पुसली गेली. उरलेली शंभर-दोनशे आपण ऐकतो. आजची मात्र सगळीच्या सगळी रीलमधून अंगावर येतात. ही तुलनाच होत नाही.

दुसरी चूक इतिहासाची आहे. ज्या हिंदी गाण्यांना आज सगळे सुवर्णकाळ म्हणतात, ती चालू होती तेव्हा त्यांना सोनं कोण म्हणत होतं? १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या कारकिर्दीत ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. १९५२ मध्ये सुरू झालेली अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरात पोचली. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. म्हणजे शंकर-जयकिशन, नौशाद, एस. डी. बर्मन भरात होते, तेव्हाही सरकारातला जाणकार माणूस ‘गोंगाट’च म्हणत होता. आमच्या टीम लीडचं वाक्य सत्तर वर्षं जुनं आहे.

पण या दोन चुका माफ करता येतील. तिसरी करता येत नाही.

साठचं दशक एक नव्हतं. त्याच वर्षांत, याच महाराष्ट्रात आणखी एक गाणं चालू होतं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव हिंडत होते, लिहीत होते, चाली बांधत होते, गात होते. त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे हजारोंच्या सभा पेटवत होते. मुंबईत पोटासाठी आलेल्या आणि गावाकडे बायको सोडून आलेल्या माणसाचं दुःख अण्णा भाऊंनी एका छक्कडीत असं बांधलं, की ते अजून शाहिरांच्या तोंडी आहे. हेही लोकप्रिय संगीतच होतं. मग ‘साठची अजरामर गाणी’ म्हटल्यावर आपल्या यादीत ते का येत नाही?

कारण यादी दारातून आत आलेल्यांची आहे. आकाशवाणीवर गायचं तर ऑडिशन पास व्हावी लागे आणि तिथे बसलेल्यांच्या कानाला पटेल तोच आवाज पुढे जाई. रेकॉर्डच्या धंद्यावर जवळपास एकट्या एचएमव्हीचं राज्य होतं. ऐकणाऱ्यालाही रेडिओ विकत घ्यावा लागे, वर त्याचं लायसन्स काढावं लागे. रेकॉर्ड प्लेअर तर मोजक्या घरांत. ज्यांच्या दिवाणखान्यात ही यंत्रं होती, त्यांच्या आठवणी पुढे पुस्तकांत आणि कार्यक्रमांच्या निवेदनात आल्या. तिथून त्या ‘मराठी मनाच्या’ आठवणी झाल्या. आमच्या आजोबांच्या वस्तीत रेडिओ नव्हता, म्हणून त्यांना मन नव्हतं असं थोडंच आहे?

हे दार फोडलं कॅसेटने. म्हणून दशक निवडायचंच असेल, तर मी ऐंशीचं निवडतो. हो, ज्याच्या उंबरठ्यावर गाणं ‘संपलं’ म्हणतात तेच. कॅसेट काढायला रेकॉर्डच्या कारखान्याची गरज नव्हती. छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, आणि ज्यांना एचएमव्हीने मोजून-मापून जागा दिली असती, त्यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीत विकायला आले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे. भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं, कव्वाल्या. माझे वडील बार्शीत टेम्पो चालवायचे. डॅशबोर्डवर कॅसेटींचा खोका असायचा. टेप गुंतली की मी पेन्सिलीने गुंडाळून द्यायचो.

“त्यात कचराही भरपूर होता,” असं म्हणाल. होता. पायरसी होती, दुहेरी अर्थाची गाणी होती, एका रात्रीत उरकलेली रेकॉर्डिंगं होती. पण कचरा प्रत्येक दशकात असतो, हे आपण वर पाहिलंच. ऐंशीच्या दशकाचा तेवढा अजून कुणी बॅकअप काढलेला नाही.

“लोकप्रिय म्हणजे दर्जेदार नव्हे,” हा दुसरा आक्षेप. बरोबर, म्हणून दर्ज्याचंच बोलू. हेडफोन लावा आणि प्रल्हाद शिंद्यांचं कुठलंही विठ्ठलाचं गाणं ऐका. वरच्या पट्टीत आवाज किती सहज उभा राहतो बघा. ढोलक-टाळांच्या गर्दीतही एक शब्द हरवत नाही. मायक्रोफोनशी कुजबुजायची ती गायकी नाही. मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत ओळ पोचवायची ती तालीम आहे. बाबूजींच्या स्पष्ट शब्दोच्चारांचं आपण कौतुक करतो ना? मग हेच कौतुक इथे का अडतं?

आणि गंमत अशी, की तुम्ही त्यांना ऐकलेलं आहे. गणेशोत्सवात स्पीकरवर आरत्या लागतात, त्यांतला तो खणखणीत आवाज बऱ्याचदा त्यांचाच असतो. आमच्या सोसायटीतही तोच लागतो. सगळे टाळ्या वाजवत म्हणतात. आवाज देवघरापर्यंत चालतो, नाव मात्र यादीत चालत नाही. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ मध्ये गेले, एका महिन्याच्या आगेमागे. गाडीतल्या आम्हा बारा जणांत हे किती जणांना माहीत असेल?

म्हणून ‘कोणतं दशक भारी’ हा मला टाइमपास वाद वाटत नाही. या वादात आपण ठरवत असतो की कोणाचं घर ‘संस्कारी’ आणि कोणाचं नुसतं ‘मिरवणुकीतलं’. कॉलेजातला अठरा वर्षांचा पोरगा स्वतःच्या बापाची गाणी लपवतो, ती याच यादीच्या धाकाने. आणि आजही तेच चालू आहे. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ गाजलं, तेव्हाही ‘हे काय संगीत आहे का’ म्हणणारे होतेच. गाणं आवडलं नाही तर जरूर म्हणा, मलाही सगळं आवडत नाही. पण नाक मुरडण्याआधी केसकरांना एकदा आठवा.

मागच्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा वडिलांना विचारलं, “पप्पा, सगळ्यात चांगली गाणी कुठल्या काळातली?”

ते टीव्ही बघत होते. म्हणाले, “टेम्पो होता तेव्हाची.”

त्यांनाही स्वतःच्या तरुणपणाचंच दशक भारी वाटतं, हे मला कळतं. ते टीम लीडनाही वाटतं आणि नव्या पोरालाही. फरक इतकाच, की पप्पांनी ते मत आजवर कुणावर लादलेलं नाही. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात आमचा राजगडचा प्लॅन आहे. जाताना गाणी लावायची जबाबदारी मी ग्रुपवर मागून घेतली आहे. पहिली दोन बाबूजींची. तिसरं कोणाचं, ते लावल्यावर नाव मोठ्याने सांगणार आहे.