यंत्र हवे, यंत्रप्रामाण्य नको!

अकोला असो की अमरावती, आमच्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांत सध्या एका विषयावर हमखास वाद होतो. एक म्हणतो, "ही कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाणार, तिच्या नादी लागू नका." दुसरा म्हणतो, "आता मास्तर नको, क्लास नको, सगळं मोबाईल सांगते." आम्हाला दोघांचेही म्हणणे मान्य नाही.

यंत्राला शिव्या घालणे हा आंबेडकरी विचार नव्हे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी चरख्याच्या तत्त्वज्ञानाचा समाचार घेतला. राबराब राबणाऱ्याला यंत्रामुळे फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला माणसासारखे जगता येत नाही, ही त्यांची मांडणी होती. दोष यंत्राचा नाही. खासगी मालकी आणि नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी बजावले. मजूरमंत्री म्हणून कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे १९४६ चे विधेयकही त्यांनीच मांडले. यंत्राने वाचवलेला वेळ मजुराच्या पदरात पडलाच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब आम्ही विसरता कामा नये.

म्हणून आधी फायद्याचे बोलू. ज्या घरात इंग्रजी जाणणारे कोणी नाही, त्या घरातली मुलगी आज न्यायालयाचा निकाल मोबाईलवर मराठीत समजून घेते. माहिती अधिकाराचा अर्ज, शिष्यवृत्ती अडल्याची तक्रार, अट्रॉसिटीच्या प्रकरणात पोलिसांना द्यायचे निवेदन यांचा कच्चा मसुदा तिला घरबसल्या मिळतो. आलेले पत्र वाचून घ्यायलासुद्धा आमच्या आज्या-आजोबांना दुसऱ्याच्या ओट्याखाली उभे राहावे लागत होते. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' ॲप आणले. त्यात शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. कपाशीवर बोंडअळी पडली तर विचारणाऱ्याला हे यंत्र आडनाव विचारत नाही. हा लाभ लहान नाही. तो आम्ही हक्काने घेतला पाहिजे.

पण इथेच एक धोका आहे. हे यंत्र शब्दामागे शब्द जुळवते. खरे सापडले नाही तरी ते गप्प बसत नाही, खऱ्यासारखे दिसणारे रचून देते. बाबासाहेबांचे विचार मागा, ते कधी कधी न बोललेले वाक्य त्यांच्या तोंडी घालते आणि वर खंड व पान क्रमांकही देते! ते वाक्य जयंतीच्या बॅनरवर जाते आणि पुढच्या वर्षी भाषणात पुरावा म्हणून येते. बंधू-भगिनींनो, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे कालामांना सांगणाऱ्या तथागताचे आपण अनुयायी. पोथीप्रामाण्य सोडून यंत्रप्रामाण्य धरले तर आपण काय कमावले? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे खंड आपल्या कपाटात आहेत. ते उघडा.

तरी इथे यंत्राला आपण विचारतो आणि उत्तर तपासणे आपल्या हातात असते. खरा प्रश्न आपल्याविषयी निर्णय घेणाऱ्या यंत्राचा आहे.

अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून 'पोषण ट्रॅकर'वर चेहऱ्याची ओळख सक्तीची केली. आईचा चेहरा जुळला तर पाकीट. आता मेळघाट डोळ्यांसमोर आणा. धारणी-चिखलदऱ्याच्या कितीतरी पाड्यांत रेंज शोधत फिरावे लागते. कुपोषणासाठी देशभर नाव गेलेल्या या भागात, सेविका जिला नावानिशी ओळखते त्या बाईने आपण आपणच आहोत हे मोबाईलला पटवायचे! चेहरा ओळखणारी यंत्रे सगळे चेहरे सारखे पाहतात असेही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या यंत्रांची परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत होती. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४ टक्क्यांपर्यंत गेली.

शेजारच्या तेलंगणातही पाहा. तिथे २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून जास्त रेशनकार्डे रद्द झाली. सरकारी नोंदी एकमेकींशी जुळवणारी 'समग्र वेदिका' ही संगणक प्रणाली तिथे वापरात होती. तिने नावाच्या साधर्म्यावरून एका सायकलरिक्षावाल्याला मोटारमालक ठरवले आणि त्याच्या घरचे धान्य बंद झाले. रद्द कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करा, असा आदेश शेवटी सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला.

आणि पोलीस? राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली. आमचा साधा सवाल आहे: हे यंत्र कोणत्या नोंदींवर शिकणार? १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की वऱ्हाडात आजही आधी फासेपारध्यांच्या बेड्याकडे बोट जाते. त्याच संशयाची दप्तरे यंत्राला वाचायला दिली, तर यंत्र तोच संशय 'विश्लेषण' म्हणून परत देईल.

काही मित्र म्हणतात, "यंत्राला जात नसते. उलट बोगस नावे गळतील, दलाल जातील." बोगस नावे गळालीच पाहिजेत, ती लूट गरिबाचीच आहे. पण यंत्राला जात नसली तरी त्याला शिकवणाऱ्या नोंदींना असते. शिवाय तलाठी चुकला तर त्याला जाब विचारता येतो, मोर्चा नेता येतो, अपील करता येते. "सिस्टीम घेत नाही," या उत्तरावर अपील कुठे करायचे?

आमच्या मागण्या सरळ आहेत. केवळ यंत्राने नाकारले म्हणून कोणाचे धान्य, आहार किंवा पेन्शन थांबू नये; सेविकेची व ग्रामसभेची ओळख ग्राह्य धरावी. नकाराचे कारण लेखी, मराठीत आणि मेळघाटात कोरकूतही समजावून द्यावे. दाद मागण्यासाठी नाव असलेला अधिकारी नेमावा. कोणत्या समाजाचे किती लोक यंत्राने वगळले, ती आकडेवारी जाहीर करावी. आणि आपण प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ हे यंत्र वापरायला आणि तपासायला शिकवावे.

नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी अमरावतीत परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. देव भेटावा म्हणून ती लढाई नव्हती. आमच्यासाठी दार उघडायचे की नाही हे दुसऱ्याने का ठरवावे, हा सवाल होता. आज ते दार मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. सवाल तोच आहे, आणि तो विचारायचे काम आपलेच आहे.

जय भीम!