परभणीची बस आणि ‘नो सूनर’

इंग्रजी वाक्य ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’, ‘नो सूनर’ अशा नकारी क्रियाविशेषणाने सुरू झाले, की सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. दहावी-बारावीच्या परीक्षेत याचे काम ‘ॲज सून ॲज’ काढून ‘नो सूनर... दॅन’ घालण्यापुरते. त्याला चिकटलेल्या दोन समजुती मात्र चुकीच्या आहेत.

पहिली, ही रचना म्हणजे प्रश्नच. ‘डिड ही’ दिसताच पोरे शेवटी प्रश्नचिन्ह टाकून मोकळी होतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी मिरवणारी म्हण आहे. प्रश्नाच्या या समजुतीचे उत्तर त्या म्हणीतल्या जर्मनीच्या भाषेतच सापडते. ‘आज तो येतो’ हे जर्मनमध्ये ‘हॉइटे कोम्ट एर’, म्हणजे शब्दशः ‘आज येतो तो’. वाक्यारंभी कर्त्याऐवजी दुसरे काही आले तरी क्रियापद दुसरी जागा सोडत नाही. कर्ताच मागे सरतो. जुन्या इंग्रजीचीही बरीचशी हीच चाल होती. पुढे ती मोडली, पण नकारी शब्दांनंतर टिकली. विचारण्याचा इथे संबंध नाही.

दुसरी समजूत जास्त नडते: नकारी शब्द पुढे आला की उलटापालट व्हायलाच हवी. परभणी-जिंतूर बस घ्या. ‘इन नो टाइम द बस स्टॉप्ड’, बस क्षणात थांबली. ‘ॲट नो टाइम डिड द बस स्टॉप’, बस एकदाही थांबली नाही. ‘नो टाइम’ दोन्हीकडे आहे. पहिल्यात नकार वेळेपुरताच, दुसऱ्यात तो सगळ्या वाक्यावर पसरतो. तो पसरला तरच क्रम बदलतो. ‘नो सूनर’मध्ये नाकारली जाते ती आधी-नंतरची तुलना, म्हणून पुढे ‘दॅन’. ‘हार्डली’त तुलना नाही, म्हणून ‘व्हेन’.

जिथे क्रम बदलायला हवा तिथे तो न बदलण्याची चूक होते ती मराठीच्या सवयीने. ‘कधीच’ वाक्यात कुठेही बसवा, नकाराचा भार ‘नाही’च वाहते, बाकीचे शब्द हलवावे लागत नाहीत. त्यामुळे ‘नेव्हर ही केम’ मराठी कानाला खटकत नाही. ‘नो सूनर डिड ही रीच्ड’ ही गफलत वेगळी: भूतकाळ ‘डिड’ने उचलला, आता ‘रीच’च हवे.

शिक्षकांनी सूत्र पाठ करून घेण्याआधी बसची ती दोन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत आणि बस थांबली की नाही, एवढेच वर्गाला विचारावे.